अतामीच्या समुद्रातून वर कोण आलं

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी रात्री साडेअकराला मी दादाला मेसेज टाकला, ‘दादा, जपानी पिक्चरमध्येसुद्धा काँगच जिंकतो.’ पुढे-मागे काही नाही. कसा आहेस नाही, पावसाचं काय म्हणतोस नाही. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या, म्हणजे गडी जागा होता. वर ‘टायपिंग’ दिसलं, गेलं, परत दिसलं, परत गेलं. सकाळी उठून पाहिलं तर उत्तर नाही. तसं दादाचं उत्तर न येण्यात नवल नाही. दिवाळीच्या शुभेच्छांना तो तुळशीच्या लग्नाच्या सुमारास अंगठा पाठवतो. पण हे न आलेलं उत्तर मला आठवडाभर दातात अडकलेल्या सुपारीसारखं टोचत राहिलं. कारण मी त्याला नुसती बातमी कळवली नव्हती. त्यानं सदतीस वर्षांपूर्वी दिलेला एक निकाल मी फिरवला होता, आणि तोही मध्यरात्री, एका ओळीत.

दादा म्हणजे थोरला चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमचं घर इचलकरंजीत, खाली बारा माग आणि वर आम्ही. मागांच्या खडखडाटात आम्हाला गाढ झोप लागायची आणि लाइट जाऊन माग थांबले की अख्खं घर दचकून जागं व्हायचं. १९८८च्या गणपतीत गल्लीतल्या मंडळानं व्हिडिओ आणला. म्हणजे एका रात्रीपुरता भाड्यानं आणला : रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटा. पहिले दोन हिंदी पिक्चर ठरलेले. तिसरी कॅसेट व्हिडिओवाल्यानं आपल्या मनानं घातलेली; तिच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर बॉलपेननं ‘किंगकाँग (मारामारी)’ असं लिहिलेलं. रात्री दोनच्या पुढे बाया मुलांना काखेत मारून घरी गेल्या, म्हातारे सतरंजीवरच आडवे झाले आणि टीव्हीपुढे उरलो आम्ही आठ-दहा पोरं. चित्राच्या खालच्या कडेला एक पांढरा पट्टा सारखा थरथरत होता. ट्रॅकिंगचं बटण फिरवून झालं, कॅसेट बाहेर काढून हेडवर एक रुपयाची करकरीत नोट घासून झाली. पट्टा हलला नाही. कॉपीची कॉपी, तिची पुन्हा कॉपी असणार. तांबडा रंग माणसांच्या ओठांतून ओघळून गालावर यायचा आणि समुद्र कधी निळा दिसायचा, कधी जांभळा. संवाद इंग्रजी. त्यातलं आम्हाला ‘नो’ आणि ‘लुक’ एवढंच कळत होतं, आणि त्याहून जास्त कळायची गरजही नव्हती.

गल्ली सगळी काँगच्या बाजूनं. वानर म्हटल्यावर आमच्याकडे दुसरं काय होणार! त्यानं छाती बडवली की पोरं ‘बजरंगबली की’ म्हणून ओरडायची. मी एकटाच त्या दुसऱ्या राक्षसाच्या, गॉडझिलाच्या बाजूनं होतो. का, ते आजही धड सांगता येणार नाही. त्याची शेपटी लांब होती, हात आखूड होते आणि काँगला दगड लागला की तो दोन्ही आखूड हात हलवून हरखायचा, तेवढ्यावरून असेल. काँग एक अख्खं झाड उपटून त्याच्या तोंडात कोंबतो, त्या वेळी मला स्वतःला ठसका लागल्यासारखं झालं. मग विजा, मग जपानातल्या अतामी गावचा किल्ला, दोघांच्या मध्ये सापडून त्याच्या ठिकऱ्या, आणि झोंबाझोंबी करत दोघं कड्यावरून समुद्रात. पाणी उसळलं, जमीन हादरली, घरं कोसळली. मग बराच वेळ नुसता समुद्र. आणि त्यातून वर आला काँग. पाठमोरा, हात मारत निघून गेला. दुसरा आलाच नाही.

पोरं नाचत होती. मी सतरंजीचा दोरा उपसत बसलो. दादा तेव्हा सोळा वर्षांचा, ओठांवर नुकती लव आलेली, कारखान्यात रात्रपाळी करून आलेला. तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, ‘ह्यो अमेरिकेनं फिरवलेला पिच्चर हाय. मूळचा जपानी. जपानात गॉडझिलाच जिंकतो.’

एवढ्यावर मी झोपलो.

पुढची सदतीस वर्षं हे वाक्य मी माझ्या नावावर खपवलं. कॉलेजच्या होस्टेलवर, पहिल्या नोकरीतल्या कँटीनमध्ये, पुढे स्वतःच्या मुलाला. ‘तुला माहितीये का, त्या पिक्चरचे दोन शेवट आहेत’ असं म्हटलं की ऐकणारा पुढे झुकतोच. पुढे इंटरनेट आलं तेव्हा कळलं की ही बातमी आमच्या गल्लीची मक्तेदारी नव्हती. अमेरिकेत साठच्या दशकातल्या राक्षसपटांच्या मासिकांतून ती पसरली होती, तिथल्या एका गाजलेल्या प्रश्नोत्तरांच्या खेळातसुद्धा ती ‘बरोबर उत्तर’ म्हणून छापली गेली होती. पोरांच्या दोन पिढ्या तिच्यावर वाढल्या. अर्थात ती खोटी आहे असंही त्याच इंटरनेटवर दहा ठिकाणी लिहिलेलं होतं. मी ते वाचलं आणि बाजूला ठेवलं. कोल्हापूरकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्या मैदानात आपला मल्ल चितपट झाला असं कुणी सांगितलं तर आपण आधी विचारतो, पंच कुठला होता?

आता जरा त्या कॅसेटविषयी. तिनं मला काय दिलं ते वर आलंच. तिनं काय काढून घेतलं ते कळायला मात्र फार वर्षं गेली. १९६२चा हा ‘किंगकाँग विरुद्ध गॉडझिला’ जपानच्या तोहो कंपनीनं तोहोस्कोपमध्ये काढलेला, म्हणजे पडदा उंचीच्या सव्वादोन पटींहून अधिक रुंद. तो चौकोनी टीव्हीत बसवायचा तर चाळीस टक्क्यांहून जास्त चित्र कापावं लागतं. एक राक्षस चौकटीत ठेवायचा, दुसरा बाहेर. मग कुणीतरी यंत्रावर बसून चित्राची खिडकी डावीकडून उजवीकडे सरकवतो. कॅमेरा मुळात हललेलाच नसतो. लहानपणी मला वाटायचं की काँग मारतो तेव्हा गॉडझिला लपून बसतो. तो लपला नव्हता. तो कडेला होता, आणि कड आमच्यापर्यंत आली नव्हती.

गेलं ते एवढंच नाही. जपानी चित्रपट ही चक्क टवाळी आहे. औषधकंपनीचा ताको नावाचा एक चिडका जाहिरातवाला, त्यानं पैसे घातलेला टीव्हीवरचा कार्यक्रम कुणी बघत नाही म्हणून हैराण. त्याला प्रेक्षक खेचायला राक्षस हवाय, म्हणून तो फारो बेटावर माणसं पाठवतो. इशिरो होंडा या दिग्दर्शकाला टीव्हीच्या धंद्याची गंमत करायची होती. अमेरिकेत १९६३मध्ये तो लागला तेव्हा ही गंमत बरीचशी छाटली गेली आणि तिच्या जागी संयुक्त राष्ट्रसंघाचा एक बातमीदार टेबलामागे बसून जगाला गंभीरपणे समजावून सांगू लागला. आकिरा इफुकुबे यांचं संगीत बहुतेक काढून स्टुडिओच्या गोदामातलं, दुसऱ्या चित्रपटांसाठी केलेलं संगीत चिकटवलं. म्हणजे तो पिक्चर मी किमान दहा वेळा पाहिला आणि इफुकुबे जवळजवळ ऐकलेच नाहीत. बेटावरच्या दृश्यासाठी खरेखुरे जिवंत ऑक्टोपस आणले होते, ते तेवढे दोन्हीकडे आहेत. त्यातला एक त्या दिवशी त्सुबुरायांच्या ताटात गेला असं सांगतात. एजी त्सुबुराया म्हणजे या सगळ्या पडझडीचे कारागीर; १९३३चा अमेरिकन काँग पाहून ते या नादाला लागले होते.

व्हीसीडीचा काळ मी पटकन उरकतो, कारण त्यातून हाती फार काही लागलं नाही. बसस्टँडबाहेरच्या गाड्यावर तीस रुपयाला हिंदीत डब केलेला गॉडझिला मिळायचा. दोन तबकड्या. शहर जळायला लागलं की पहिली संपायची. उठून दुसरी घालेपर्यंत चहा व्हायचा. अंधारातली दृश्यं सगळी राखाडी चौकटींची, जणू राक्षस फरशीचा केलाय.

खरा झटका बसला २००८च्या आसपास. पुण्यातल्या एका मित्रानं डीव्हीडीची एक प्रत दिली. १९५४चा पहिला गॉडझिलापट, जपानी, कृष्णधवल, खाली इंग्रजी अक्षरं. नाव ‘गोजिरा’, म्हणजे गॉडझिलाचं मूळ जपानी नाव, गोरिला आणि जपानीत देवमासा म्हणजे कुजिरा, या दोघांची भेळ. मी रविवारी दुपारी शेंगा घेऊन बसलो होतो, कारण आमच्या लेखी हा प्रकार शेंगा खात बघायचा होता. थोड्याच वेळात शेंगा बाजूला राहिल्या. लोकलच्या डब्यात दोन पुरुष आणि एक तरुण बाई नेहमीसारख्या गप्पा मारतायत. बाई म्हणते, काय कटकट आहे, आधी किरणोत्सारी मासे, त्यातून आता हा गोजिरा. नागासाकीतून एवढी जीव वाचवून आले ती यासाठी का? दुसरा म्हणतो, म्हणजे पुन्हा गाव सोडून पळायचं आलं. कुणी रडत नाही. लोडशेडिंगचं वेळापत्रक बदललं की आमच्याकडे माणसं ज्या सुरात बोलतात, त्या सुरात ती तिघं बोलतात. अमेरिकेत १९५६ साली रेमंड बर या तिथल्या नटाला मध्ये घालून जी आवृत्ती काढली, तिच्यात हा डबा नाही. ९६ मिनिटांचा चित्रपट ८० मिनिटांचा झाला, त्यात नागासाकी गाळलं गेलं.

मूळ चित्रपटाच्याच वर्षी, १ मार्च १९५४ला, बिकिनी बेटावर अमेरिकेनं हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली होती. तिची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीचं नाव दाइगो फुकुर्यू मारू, म्हणजे भाग्यवान ड्रॅगन क्रमांक पाच. तिच्यावरचा रेडिओवाला आइकिची कुबोयामा सप्टेंबरात गेला, आणि ३ नोव्हेंबरला चित्रपट लागला. त्याची सुरुवात काय, तर समुद्रात एक बोट, डेकवर खलाशी निवांत बसलेत, आणि पाण्यातून डोळे दिपवणारा झगझगाट. जपानी प्रेक्षकाला कुणी काही समजावून द्यायची गरज नव्हती. शहाण्णव लाख तिकिटं खपली. होंडा स्वतः चीनमधल्या युद्धावरून १९४६ साली परतताना हिरोशिमाच्या राखेतून आले होते. इफुकुबेंनी युद्धकाळात जंगलखात्याच्या प्रयोगशाळेत लाकडाच्या अभ्यासासाठी क्ष-किरणांचं काम पुरेशा संरक्षणाशिवाय केलं आणि तब्येत गमावली होती. ही माणसं रबराच्या राक्षसाबद्दल बोलतच नव्हती.

एक दृश्य मला तेव्हापासून सोडत नाही. टोकियोतल्या गिंझाच्या जळत्या रस्त्यावर, दुकानाच्या भिंतीशी एक आई लेकरांना कवटाळून बसलीय. वर गोजिरा. ती मुलांना म्हणते, आता बाबांकडे जायचं हं, लवकरच बाबांकडे जायचं. बस, एवढंच. बाबा कुठे, कधी गेले, ते चित्रपट सांगत नाही. १९५४ साली लेकरांच्या आईला हे वाक्य कुठून सुचलं असेल हे थिएटरमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि पुढे सकाळी रुग्णालयात, ओळीनं झोपवलेल्या माणसांत, एका मुलाच्या अंगाजवळ किरणोत्सार मोजायचं यंत्र धरतात, ते कडकडायला लागतं आणि डॉक्टर नुसती मान हलवतात. मी डीव्हीडी थांबवली. बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ज्याला मी गणपतीच्या मांडवात आपला मल्ल म्हणून निवडला होता, तो हा होता.

शेंगांची टरफलं दुसऱ्या दिवशीपर्यंत टेबलावर पडून होती.

त्यानंतर मी त्या कारागिरीकडे नीट बघायला लागलो. आत माणूस असतो हे लहानपणीच कळलेलं असतं. त्यात धक्का काही नाही. पण तो माणूस कोण, त्यानं काय सोसलं, हे बघण्यासारखं आहे. हारुओ नाकाजिमा. पहिला पोशाख शंभर किलोच्या वर, इतका ताठ की त्यात चार पावलं टाकणं मुश्किल. तो काही दृश्यांपुरता कापून वापरला आणि दुसरा हलका केला, हलका म्हणजे तरीही अंगावर आणखी एक माणूस घेतल्यासारखा. चाल बसावी म्हणून नाकाजिमा उएनोच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं बघत बसायचे. दिव्यांच्या उष्णतेत घाम इतका यायचा की पोशाखातून ओतून काढावा लागे. १९७२पर्यंत ते हे काम करत राहिले. वजनाचा भास मात्र पोशाखानं येत नाही, तो कॅमेऱ्यानं येतो. फिल्म नेहमीपेक्षा जोरात पळवून चित्रण करायचं आणि थिएटरात नेहमीच्या वेगानं दाखवायचं. म्हणजे कोसळणारी भिंत सावकाश कोसळते, पाऊल जड पडतं. मागाचा धोटा जोरात पळवला तर कापड जास्त निघतं. इथे फिल्म जोरात पळवली की वेळ जास्त निघतो. आणि ती डरकाळी! कुठल्याही प्राण्याचा आवाज पटेना, तेव्हा इफुकुबेंच्या कल्पनेनं डबल बास या जाडजूड वाद्याच्या सैल केलेल्या तारांवरून राळ लावलेला चामडी हातमोजा ओढला आणि तो आवाज खाली-वर करून घेतला. दोराला राळ लावून ओढल्यावर काय आवाज निघतो हे ज्यानं ऐकलंय त्याला ती डरकाळी जनावराची कधीच वाटणार नाही. ती घासलं जाण्याची आहे.

जतन करण्याच्या बाबतीत मात्र जपानी लोकसुद्धा आपल्यासारखेच निघाले, याचं मला वाईट वाटलं की बरं, ठरवता येत नाही. १९७०मध्ये तोहोनं मुलांच्या सुट्टीसाठी चॅम्पियन महोत्सव म्हणून जुने राक्षसपट पुन्हा लावले. मुलांना लांबलचक बोलणी नकोत, म्हणून काँग-गॉडझिलाचीही वीसेक मिनिटं छाटली, आणि छाटली तीही मूळ निगेटिव्हवरच. कापलेले तुकडे नीट सांभाळले गेले नाहीत. पुढे व्हिडिओसाठी अखंड चित्रपट उभा करायचा म्हटल्यावर इकडून-तिकडून कमअस्सल प्रती आणून जोड दिले. जुन्या जपानी लेझरडिस्कचे नि डीव्हीडीचे तुकडे मी पाहिलेत. रंग ताजे असतात, ताको ओरडत असतो, आणि एकदम चित्राला जळमट धरतं, रंग उडतात, माणसं धुक्यात जातात. पुन्हा दोन मिनिटांनी लख्ख. कात्री नेमकी कुठे चालली होती ते आंधळ्यालाही दिसावं. रफू केलेल्या धोतरासारखं. हरवलेले भाग शोधून ४केमध्ये पुन्हा एकसंध चित्रपट झाला तो २०१६ साली. हे वाचताना मला आपला १९६६चा ‘गोगोला’ आठवला. मुंबईवर चाल करून येणारा समुद्री राक्षस, हिंदीत. तबस्सुम होती त्यात. त्याची प्रत आज मिळत नाही. गाणी तेवढी राहिली. त्याला कॅसेटवाला भेटलाच नाही.

तर शेवटी पेटी. जुने चित्रपट निगुतीनं पुन्हा काढणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीनं ऑक्टोबर २०१९मध्ये त्यांच्या यादीतला एक हजारावा क्रमांक राखून १९५४ ते १९७५चे पंधरा गॉडझिलापट आठ ब्लू-रे तबकड्यांवर काढले. पेटी म्हणजे मोठ्या चित्रपुस्तकासारखा ठोकळा, छापील किंमत सव्वादोनशे डॉलर. मी पाच वर्षं नुसता बघत होतो. गेल्या वर्षी न्यू जर्सीहून चुलतबहीण येणार होती, तिला म्हटलं आणशील का. तिनं लोणच्याच्या बरण्यांची जागा जाताना लागणार आहे, येताना मोकळीच आहे, असं म्हणून आणली. रात्री सगळे झोपल्यावर पहिली तबकडी घातली. प्लेअरनं ती आत घेतली, घुर्रर्र केलं, आणि पडद्यावर रिजनचा नकार उमटला. अमेरिका आणि जपान ब्लू-रेच्या ए विभागात, आपण सी विभागात. हे मला माहीत होतं. गेली पाच वर्षं माहीत होतं. उत्साहात मी ते विसरलो होतो, दोष देणार कुणाला! सगळ्या विभागांचं चालवणारा प्लेअर मिळायला आणखी दोन महिने गेले, तोवर पेटी कपाटावर होती आणि बायको तिच्यावर धूळ साचू नये म्हणून फडका मारताना माझ्याकडे बघत होती.

आणि मग आठवी तबकडी. पेटीतही गंमत अशी की काँग-गॉडझिलाची अमेरिकन आवृत्ती मुख्य पंगतीत आहे आणि जपानी मूळ चित्रपट शेवटच्या तबकडीवर, पुरवण्यांबरोबर. घरच्यानं ओसरीवर जेवावं तसं. मे महिन्यातल्या त्या रविवारी मी तो पहिल्यांदा पूर्ण पाहिला. रुंदच्या रुंद. गॉडझिला कडेला होता, सारा वेळ होता. बेटावरच्या लोकांचं ते घुमणारं गाणं, ताकोचं नाचणं, झाड, ठसका. किल्ला पडला. दोघं समुद्रात गेले. मी खुर्चीच्या कडेवर आलो होतो हे मला गुडघा टेबलाला आपटला तेव्हा कळलं. समुद्र. आणि वर आला काँग. पाठमोरा, हात मारत. तोच.

साडेअकराला मेसेज टाकला तो या भरात.

दादा जुलैत पुण्याला आला, कानाच्या डॉक्टरांना दाखवायला. चाळीस वर्षं मागाशेजारी काढल्यावर जे व्हायचं ते झालंय : बारीक आवाज गेलेत, जाड आवाज येतात. पाखरं ऐकू येत नाहीत, ट्रक येतो. मोबाइलची रिंग कळत नाही. वहिनी म्हणतात, माझं तेवढं बरोबर ऐकू येत नाही. जेवणं झाल्यावर मी विषय काढला. मेसेज मिळाला होता ना? ‘मिळाला की,’ तो म्हणाला, ‘पर कुठला काँग, कुणाशी जिंकला, मला काय आठवंना. म्हटलं, ह्याचं डोस्कं फिरलंय का काय. लिवलं आणि पुसलं.’ मी त्याला मंडळ सांगितलं, चिकटपट्टी सांगितली, रुपयाची नोट सांगितली. नोट त्याला आठवली, ती त्याच्याच खिशातली होती. वाक्य आठवलं नाही. असं काही आपण म्हणालो होतो यावर त्याचा विश्वासच बसेना. ‘मला काय म्हाईत जपानातलं? मी काय जपानला गेलतो?’

म्हणून आठवी तबकडी पुन्हा लावली. दादा लोडाला टेकून बघत होता, अर्ध्या डोळ्यांनी. चित्रपटात सुरुवातीलाच एक तरुण आपल्या कंपनीचा नवा दोरा दाखवतो, दिसायला बारीक पण पोलादापेक्षा चिवट. पुढे त्याच दोऱ्यानं काँगला फुगे बांधून उचलून नेतात. दादा ताडकन सरळ बसला. ‘थांब थांब. मागं घे.’ मी मागे घेतलं. त्यानं दोऱ्याकडे बघितलं, चिमटीत धरल्यासारखी बोटं केली. ‘काउंट कितीचा असंल रे?’ काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचं माप. त्याचं उत्तर त्या तरुणानं दिलं नाही, पण त्यानंतर दादा झोपला नाही. झाड तोंडात कोंबताना तो खो-खो हसला, मला ठसका लागायचा त्याच जागी. किल्ला पडला. दोघं समुद्रात गेले. समुद्र. काँग वर आला, पोहत निघाला. ‘बघ,’ मी म्हटलं. मला वाटतं माझा आवाज जरा रडका आला असावा.

‘काय बघ? ऐक की,’ दादा म्हणाला.

मी ऐकलं. काँग ओरडला. आणि त्याच्याबरोबर, पाण्याखालून की कुठून, राळ लावलेल्या दोरावरून चामडं ओढावं तसा तो दुसरा आवाज. मे महिन्यात मी बघण्यात इतका गुंतलो होतो की तो ऐकलाच नव्हता. अमेरिकन आवृत्तीत शेवटी एकट्या काँगचा आवाज आहे. जपानी शेवटात दोघांचे आहेत. निकालात फरक काय तो एवढाच. ‘दोघं हायत,’ दादा म्हणाला, ‘बुडालाय कुठं? बरोबरीत सोडवलीया कुस्ती.’ त्यानं माझ्या हातातला रिमोट घेतला, चाचपडत मागे घेतलं, आवाज वाढवला. काँग पुन्हा वर आला. पुन्हा दोन डरकाळ्या. त्यानं परत मागे घेतलं. आतून वहिनी ओरडल्या, अहो, आवाज कमी करा, पोरगं झोपलंय. दादाला ते ऐकू आलं नाही.